यंत्राचे दिव्य आणि माणसाची साक्ष

इंदूरच्या रेल्वे स्थानकापासून जवळच सियागंज नावाची घाऊक बाजारपेठ आहे. किराणा, मसाले, सुकामेवा, साबुदाणा, खोबरे आणि नारळ ह्यांची मोठी उलाढाल तेथे चालते. होळकरांच्या ह्या जुन्या राजधानीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी-कोंकणी कुटुंबांचा ह्या पेठेशी संबंध येतो तो बहुधा देवकार्याच्या निमित्ताने. समुद्र येथून फार दूर. परंतु देवापुढे वाढवावयाचा नारळ पोत्यांत भरून येथपर्यंत येतो आणि त्याचा भाव भरतीवर सांगितला जातो. ज्या पोत्यात 120 नारळ मावतात ती 120 भरती, ज्यात 250 मावतात ती 250 भरती. आकडा जितका मोठा तितका नारळ लहान. नवख्या माणसास हे उलटे वाटते. आकडा वाचता आला म्हणजे वस्तू कळली असे होत नाही, हा धडा सियागंज प्रथमदर्शनीच देतो. आम्ही मात्र तो उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत आमच्याऐवजी एका दुसऱ्याच सज्जनाला द्यावी लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या उत्सवासाठी एका वृद्ध सेवेकऱ्यांनी सियागंजातील एका पेढीवरून नारळांची पोती आणली आणि पैसे रोख दिले. उत्सव पार पडला. पुढे हिशेब मिटवावयास बसलो तेव्हा पेढीकडून उतारा आला. संगणकातून काढलेला, स्वच्छ, तारीखवार. आणि त्यात आमच्या नावावर नारळांची सगळी रक्कम येणे दाखविलेली. सेवेकरी म्हणाले, ‘‘पैसे मी स्वतः मोजून दिले आहेत.’’ पावती त्यांच्यापाशी नव्हती. उत्सवाच्या गर्दीत ती कोठे पडली हे त्यांस सांगता येईना. ते देवाची शपथ घ्यावयास उठले. आम्ही त्यांना हाताला धरून बसविले आणि शपथेची गरज नाही असे म्हटले. त्या वेळी आम्हांस तो आपला मोठेपणा वाटला. वास्तविक आमचा निर्णय शपथेपूर्वीच झालेला होता. मंडळाने रक्कम पुन्हा भरली. कोणी त्यांस उणा शब्द बोलले नाही. फक्त पुढच्या बैठकीत तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली.

दिवाळीच्या सुमारास त्या पेढीचे मुनीम आपण होऊन देवळात आले. हाताने लिहिलेली कच्ची रोकड ते संगणकातील खात्यांशी ताडून पाहत होते. त्यांत त्यांस आढळले की, आमचे पैसे त्याच नावाच्या दुसऱ्या एका देवस्थानाच्या खाती जमा झाले होते. वही काखेत घेऊन हा वयस्क मनुष्य देवळाच्या पायऱ्या चढून आला आणि चूक आपली आहे असे चार माणसांसमक्ष म्हणाला. रक्कम परत मिळाली. सेवेकऱ्यांची आम्ही क्षमा मागितली, त्यांनी ती दिलीही. ते आजही नित्य दर्शनास येतात. परंतु देवळाच्या हिशेबाला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही.

ह्या गोष्टीतील संगणक खोटे बोलला नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याला जे सांगितले ते त्याने जसेच्या तसे जपून ठेवले आणि विचारल्यावर जसेच्या तसे सांगितले. उताऱ्यात कोणी एक अक्षरही फिरविलेले नव्हते. तरीही तो उतारा असत्य होता. मग जो प्रश्न उरतो तो यंत्राविषयीचा नसून आमच्याविषयीचा आहे. वर्षानुवर्षे ओळखीच्या माणसाचा शब्द एका बाजूस आणि छापील कागद दुसऱ्या बाजूस असता, कागदामागे कोण उभा आहे हे विचारण्याची आम्हांस आवश्यकता का वाटली नाही?

पुरावा म्हणजे काय, ह्या प्रश्नाचा आपल्या परंपरेने फार खोलवर विचार केलेला आहे; आणि तो विचार आधुनिक वाचकांपुढे सांगोपांग मांडण्याचे श्रेय कायद्याच्याच एका प्राध्यापकास आहे. रत्नागिरी जिल्ह्यात 1880 साली जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत आणि तेथील शासकीय विधी महाविद्यालयात काही वर्षे अध्यापनही करीत. धर्मशास्त्राचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथराज 1930 ते 1962 ह्या काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पाच खंडांत प्रसिद्ध केला, आणि 1963 साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ह्यांपैकी 1946 सालच्या तिसऱ्या खंडात व्यवहार म्हणजे न्यायदान ह्या विषयाचे विवेचन आहे. त्यापूर्वी, 1933 साली, त्यांनी कात्यायनाच्या लुप्त झालेल्या स्मृतीचा व्यवहारविषयक भाग निरनिराळ्या निबंधग्रंथांतील अवतरणे वेचून पुन्हा उभा केला होता. विखुरलेल्या साक्षींवरून हरवलेला दस्तऐवज सिद्ध करण्याचेच हे काम नव्हे काय?

ह्या शास्त्राची मांडणी थोडक्यात अशी आहे. प्रमाणे दोन प्रकारची, मानुष आणि दैविक. ही विभागणी विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत स्पष्ट केलेली आहे. मानुष प्रमाणे तीन: लिखित, भुक्ती म्हणजे उपभोग किंवा कबजा, आणि साक्षी. दैविक प्रमाण म्हणजे दिव्य. याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी दिव्ये सांगितली आहेत. त्यांतील कोश-दिव्य देवळाशी निगडित आहे: उग्र देवतेच्या स्नानाचे तीन ओंजळी पाणी प्यावयाचे, आणि चौदा दिवसांच्या आत राजाकडून वा दैवाकडून काही अरिष्ट ओढवले नाही तर मनुष्य शुद्ध ठरावयाचा. मराठेशाहीतही कढत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवा-दिव्य प्रसिद्ध होते. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर 1953 साली ग्रंथ लिहिणारे आणि पुढे गोव्याच्या 1979 सालच्या गॅझेटियरचे संपादन करणारे विठ्ठल त्र्यंबक गुणे ह्यांनी त्या काळच्या निवाड्यांचा अभ्यास करून ही व्यवस्था वर्णिली आहे.

दिव्याची ही वर्णने वाचून आजचा सुशिक्षित वाचक हसतो. परंतु हसण्यापूर्वी एक नियम पाहावा. याज्ञवल्क्य म्हणतो की, लिखित, भुक्ती आणि साक्षी ह्यांपैकी एकही प्रमाण उपलब्ध नसेल तेव्हाच दिव्याकडे वळावे. माणसाच्या बुद्धीने निर्णय करता येत असता देवावर भार टाकू नये, असा ह्याचा भावार्थ आहे. शास्त्रकारांची श्रद्धा काही कमी नव्हती. तथापि प्रश्न विचारण्याचे, दस्तऐवज ताडून पाहण्याचे, साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचे कष्ट चुकविण्यासाठी श्रद्धेचा उपयोग होऊ नये, एवढी दक्षता त्यांनी घेतली होती.

आम्ही सियागंजच्या त्या उताऱ्याच्या बाबतीत ह्याच्या नेमके उलट वागलो. माणूस समोर होता, पेढी अर्ध्या तासाच्या अंतरावर होती, मुनीम हयात होता. मानुष प्रमाणे सगळी हाताशी असता आम्ही सरळ दिव्यावर गेलो. तुलेच्या जागी संगणक होता इतकाच काय तो फरक. यंत्राने कौल दिला, आणि कौल मिळाल्यावर विचारावयाचे काय उरते?

आता कोणी म्हणेल की, संगणकाचा उतारा हे दिव्य कसे? ते तर लिखित होय. अगदी खरे, आणि आमचे म्हणणेही हेच आहे की, त्याला लिखिताचाच मान द्यावा, अधिक देऊ नये. लिखिताविषयी शास्त्र काय सांगते ते पाहा. ऋणकोने हप्ता फेडला की तो लेखाच्या पाठीवर नोंदवावा, किंवा धनकोने स्वहस्ताच्या खुणेची पावती द्यावी. ऋण पुरते फिटले की लेख फाडून टाकावा. लेख जळाला, फाटला, पुसला किंवा चोरीस गेला तर दुसरा करून घ्यावा. लेखाविषयी संशय आला तर हस्ताक्षर ताडून पाहावे. स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही ग्राह्य, परंतु बळाने वा कपटाने लिहवून घेतलेला असेल तर नव्हे. ह्या सर्व नियमांत लेखाच्या मागे सदैव एक हात आहे. कोणी लिहिले, कोणासमक्ष लिहिले, कोणत्या स्थितीत लिहिले, हे विचारल्यावाचून लेखाला बोलू दिले जात नाही. कूटलेख्य म्हणजे बनावट दस्तऐवज हा शब्दच सांगतो की, लेखनकलेबरोबर तिची फसवणूकही आलेली होती.

इंग्रजी अमदानीत जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्याने रचलेला भारतीय पुरावा अधिनियम 1872 साली अमलात आला. त्याच्या 34 व्या कलमात सियागंजच्या प्रत्येक पेढीला लागू पडेल असा एक नियम होता. धंद्याच्या रीतीप्रमाणे नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी पुराव्यात विचारात घेता येतात; परंतु केवळ त्यांच्याच आधारावर कोणावर देण्याची जबाबदारी लादता येत नाही. ज्याची वही त्यानेच लिहिलेली, मग तेवढ्यावर दुसऱ्यास बांधावे कसे? 1998 साली जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्याच तत्त्वाचा आधार घेऊन, स्वतंत्र पुराव्यावाचून निव्वळ नोंदी पुरेशा नाहीत असे म्हटले. वह्या संगणकावर गेल्या तेव्हा 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ह्या कलमात विद्युत् रूपातील वह्यांचा समावेश केला, पण नियम तसाच ठेवला. आजही तो नव्या कायद्यात आहे. आमच्या मंडळातील एखाद्यास हे कलम ठाऊक असते तर त्या सेवेकऱ्यांवर जो प्रसंग आला तो कदाचित आला नसता.

नवे यंत्र पुढे आले की न्यायालयांनी प्रत्येक वेळी त्याच्यामागचा माणूस शोधला आहे. टेपवर घेतलेले दूरध्वनीवरील संभाषण पुरावा होऊ शकते असे 1972 साली मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, तेव्हा अटी घातल्या त्या अशा: आवाज कोणाचा हे ओळखले जावे, संभाषण वादविषयाशी संबद्ध असावे आणि ध्वनिफितीत फेरफार झाला नसल्याची खात्री पटावी. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा अधिनियमात ‘65 ब’ हे कलम घातले. संगणकातून काढलेल्या प्रतीसोबत, त्या यंत्राचा वापर ज्याच्या अखत्यारीत होता अशा जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र त्याने आवश्यक केले.

ह्या प्रमाणपत्राची सर्वांत मोठी कसोटी आपल्या मराठवाड्यातील एका प्रकरणात लागली. 2014 सालच्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल ह्यांच्यावर अवघ्या 296 मतांनी विजयी झाले. खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण उपलब्ध होते. परंतु त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 साली ती निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, प्रतीसोबत असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र फोन वा संगणक ज्याचा आहे तो मनुष्य मूळ यंत्रच घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. जालन्याच्या प्रकरणात चित्रीकरण बाजूला ठेवले तरी, अधिकाऱ्यांच्या साक्षीसह इतर पुरावा पुरेसा असल्याने उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. ज्या चित्रफितींवरून एवढा वाद माजला त्या शेवटी अनावश्यक ठरल्या, आणि शपथेवर प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या माणसाचे बोलणे उपयोगी पडले, हे विचार करण्यासारखे आहे.

1 जुलै 2024 पासून जुन्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या 63 व्या कलमाखालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक संबंधित व्यक्तीने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात अभिलेखाचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण अभिलेखावर गणिती क्रिया करून काढलेली ठराविक लांबीची एक खूण. मजकुरातील एखादा स्वल्पविराम बदलला तरी ही खूण पालटते, म्हणून फेरफार तत्काळ उघड होतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांशी परिचित असलेल्या वाचकांस येथे मोर्तबाची आठवण होईल. पत्र संपले की शेवटी लहान शिक्का उमटवीत, म्हणजे त्याखाली कोणास एक ओळही वाढविता येऊ नये. दोन्हींचा हेतू एक. परंतु मोर्तबाच्या वरील मजकूर खरा आहे की खोटा, हे मोर्तब कधीच सांगत नसे. हॅशही सांगत नाही. आमच्या उताऱ्याचे हॅश मूल्य काढले असते तर ते पूर्णपणे निर्दोष निघाले असते, कारण चूक नोंद करतानाच झाली होती. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या योगाने, मनुष्याने कधी न उच्चारलेले शब्द त्याच्याच आवाजात आणि त्याच्याच मुखातून वदविता येतात. अशा बनावट चित्रफितीचीही हॅश खूण तितकीच बिनचूक असणार.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. माणूस तरी कोठे सत्यवचनी आहे? तो विसरतो, भितो, लोभाला पडतो. कूटसाक्षी हाही शब्द शास्त्रातलाच. कोणाची साक्ष घेऊ नये ह्याच्या लांबलचक याद्या स्मृतिकारांनी दिल्या आहेत आणि खोट्या साक्षीस दंडही सांगितले आहेत. खोट्या आरोपात सापडलेला गरीब मनुष्य एखाद्या दुकानावरील कॅमेऱ्याच्या चित्रामुळे सुटला, तर यंत्राने माणसाच्या खोटेपणापासून माणसालाच वाचविले असे म्हणावे लागेल. आम्हांस हे सर्व मान्य आहे. आमच्या सेवेकऱ्यांच्या जागी खरोखर लबाड मनुष्य असता तर? तेव्हा तोच उतारा देवळाच्या पैशाचे रक्षण करता. म्हणून यंत्राला नाकारा असे आम्ही म्हणत नाही.

परंतु माणसाच्या साक्षीत आणि यंत्राच्या नोंदीत एक भेद आहे, तो सत्यासत्याच्या प्रमाणाचा नव्हे. साक्षीदारास विचारता येते, आणि उत्तर देताना त्याचे काही पणाला लागलेले असते. तो चुकला तर त्याला लाज वाटते, खोटे बोलला तर त्याला शिक्षा होते, आणि चूक ध्यानी आल्यास तो आपण होऊन पायऱ्या चढून येऊ शकतो. यंत्राला लाज नाही आणि पश्चात्तापही नाही. म्हणून कायदा यंत्राला एकटे साक्षीस उभे करीत नाही. त्याच्या बाजूला सही करणारा एक मनुष्य उभा करतो. ते प्रमाणपत्र म्हणजे कारकुनी सोपस्कार आहे असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते त्या सहीतच धर्म आहे: ‘ह्याचे उत्तर मी देईन’ असे म्हणणारा कोणी तरी असल्यावाचून दुसऱ्याच्या अब्रूचा निर्णय होऊ नये.

न्यायालयात ह्या नियमाची राखण करावयास न्यायाधीश आणि वकील असतात. घरात, पेढीवर, देवळाच्या मंडळात ते नसतात; आणि माणसाच्या अब्रूचे बहुतेक निवाडे तर येथेच होतात. फोनवर आलेल्या एका चित्रावरून भावाभावांत अबोला धरला जातो, एका छापील आकड्यावरून जुन्या नोकराचा विश्वास जातो. येथे पुराव्याचा कायदा कोणी लावावयाचा? ज्याच्या हाती निर्णय आहे त्यानेच. मनूने अन्यायाच्या निर्णयाचे पाप चार वाट्यांत विभागले आहे: एक वाटा अधर्म करणाऱ्यास, एक खोट्या साक्षीदारास, एक राजास, आणि एक सर्व सभासदांस. आमच्या प्रसंगात अधर्म करणारा कोणी नव्हता आणि साक्षीदार तर निर्जीव होता. मग ते पाप गेले कोठे? बैठकीत बसलेल्या आम्हां पाच जणांच्याच पदरी ते आले, असे आम्ही समजतो. विश्वास ठेवणे हीही एक कृती आहे, आणि तिची जबाबदारी कागदावर ढकलता येत नाही.

त्या वर्षापासून मंडळाने एक साधा नेम ठेवला आहे. उतारा जुळला नाही तर पैसे देणाऱ्यास जाब विचारण्यापूर्वी दोघांनी सियागंजात जावयाचे आणि ज्याने नोंद केली त्याच्याशी समक्ष बोलावयाचे. अर्धा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा उतारा बरोबरच निघतो. ते मुनीम आता पेढीवर येत नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण संगणकापाशी बसतो. गेल्या उत्सवात आम्ही गेलो तेव्हा त्याने आमच्यासमोर खाते उघडले, देवस्थानाचे पूर्ण नाव आणि मोहल्ला वाचून दाखविला आणि मग पावतीवर सही केली. घरी परतताना ती पावती आम्ही नीट घडी करून ठेवली. आणि किल्ली पुन्हा त्यांच्याच हाती द्यावी म्हणून त्या सेवेकऱ्यांकडे गेलो. त्यांनी हसून नमस्कार केला आणि ती घेतली नाही.